मागाचा हिशेब शिकवणारे मोठे भाई

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर. यंत्रमागाच्या कुठल्याही गावात जा, माग चालवायला शिकवणारे उस्ताद गल्लोगल्ली भेटतील. तुटलेला धागा कसा जोडावा, धोटा कधी बदलावा, बीम कसा चढवावा हे ते दहा-बारा वर्षांच्या अनुभवातून सांगतात. पण तयार झालेले कापड मीटरमागे नेमके किती रुपयांना पडले, हे शिकवणारा माणूस शोधावा लागतो. मला असा माणूस कॉलेजात शेजारच्या बाकावर मिळाला.

१९९३ साली मी मालेगावात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. मी अठरा वर्षांचा होतो आणि ते अडतीसचे. बारा मागांचे मालक, चार मुलांचे वडील. २०२२ साली त्यांचा इंतकाल झाला. घरच्या मंडळींची इच्छा नाही म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. वर्गात सगळे त्यांना मोठे भाई म्हणत, तेच नाव वापरतो. आपल्या वाचकांत मागवाले आहेत, सुताचे व्यापारी आहेत, शिवणकाम, चामडे, लाकूडकाम करणारे कारागीर आहेत. मोठ्या भाईंनी जे शिकवले ते त्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

या वयात कॉलेज कशाला?

मोठे भाई सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले आणि मग वडिलांच्या मागावर उभे राहिले. पस्तिशीनंतर त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून दिली, पुढे बारावीही तशीच काढली. आमचे वर्ग सकाळी भरत. ते रात्रपाळीचे माग बघून, फजरची नमाज पढून थेट वर्गात येत. अंगावर सुताचा कापूस चिकटलेला असे. पोरे सुरुवातीला हसली. महिन्याभरात तीच पोरे परीक्षेआधी त्यांच्या कारखान्यावर जमू लागली.

या वयात हा खटाटोप कशासाठी, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "मुनीमजी दरवर्षी कागद आणतात आणि मी सही करतो. ज्या कागदावर माझी सही आहे तो मला वाचता आला पाहिजे. एवढंच."

त्यांची अडचण भाषेची होती. पुस्तके मराठीत, काही इंग्रजीत. मी त्यांना धडा वाचून दाखवायचा आणि त्या बदल्यात त्यांनी मला त्यांच्या वह्या दाखवायच्या, असे आमचे ठरले. पुस्तकातले 'नावे' आणि 'जमा' मला पाठ होते. ते कुठून येतात आणि कुठे जातात हे मी त्यांच्या रोजमेळात पाहिले. माझ्या वडिलांचे आठ माग होते आणि घरात हिशेबाची वही म्हणजे खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या. त्यामुळे हा सौदा माझ्या फार फायद्याचा ठरला.

घसाऱ्याचा धडा

दुसऱ्या सहामाहीत वर्गात घसारा शिकवला गेला. यंत्र वापराने झिजते, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरवर्षी खर्चात धरायचा, एवढीच गोष्ट. आम्ही ती गणितापुरती लिहून घेतली. मोठे भाई मात्र त्या दिवशी तास संपल्यावरही वहीकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हिशेब दाखवला. समजा एक माग २०,००० रुपयांचा आणि तो दहा वर्षे नीट चालणार. म्हणजे वर्षाला २,००० रुपये झीज. बारा मागांची वर्षाला २४,०००. आता उत्पादन धरू. साधा माग मिनिटाला १२० पिक मारतो. ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे सुमारे २,०४७ पिक लागतात. थांबणे, धागा तुटणे वगैरे धरून शेकडा ७५ काम झाले, तर बारा तासांच्या पाळीत साडेएकतीस मीटर कापड निघते. दोन पाळ्यांत ६३ मीटर. बारा माग, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे १८,९०० मीटर, आणि वर्षाला २,२६,८०० मीटर. २४,००० रुपये त्यावर वाटले की मीटरमागे साडेदहा पैसे घसारा आला.

त्या काळी मीटरमागे चाळीस पैसे सुटले तर मागवाला खुश असे. मोठे भाई म्हणाले, "बघ, या चाळीसातले साडेदहा पैसे माझे नव्हतेच. ते मागाचे होते. इतकी वर्षं मी नफा समजून माग खात होतो."

त्यांनी त्या महिन्यापासून दोन हजार रुपये वेगळे काढायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत कितीतरी कारखाने असे होते की वीस वर्षे चालले आणि माग खिळखिळे झाल्यावर नवे घ्यायला मालकाकडे पैसा नव्हता. नशिबाला दोष देत ते बंद झाले. मोठ्या भाईंचे माग मात्र चार-चार करून बदलत गेले.

घरच्या बाईची मजुरी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांची तब्येत ढासळली आणि आठ माग माझ्या अंगावर पडले. मी कॉलेज सोडायचे ठरवले होते. मोठे भाई घरी आले. कॉलेज सोडू नकोस असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, "तुझं कापड मीटरला कितीला पडतं?" मी बाजारभाव सांगितला. ते म्हणाले, "तो दुसऱ्याने ठरवलेला भाव. मी तुझा विचारतो आहे."

मग त्यांनी जो हिशेब मांडून दिला तो आजही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. वाचकांसाठी तो थोडक्यात देतो.

सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका आकडा. म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. यातून एक सोपा गुणक निघतो. धाग्याचे मीटर गुणिले ०.५९ भागिले नंबर, की वजन ग्रॅममध्ये मिळते.

कापड धरू ५२ इंच पन्ह्याचे, इंचाला ६० ताणा आणि ५२ पिक, दोन्हीकडे ४० नंबरचे सूत. ताण्याचे धागे ६० गुणिले ५२, म्हणजे ३,१२०. एक मीटर कापडाला ३,१२० मीटर ताणा. त्याचे वजन ४६ ग्रॅम. बाण्याचे २,०४७ पिक आणि प्रत्येक पिक पन्ह्याएवढा, म्हणजे १.३२ मीटर लांब. एकूण सुमारे २,७०० मीटर. त्याचे वजन ४० ग्रॅम. दोन्ही मिळून ८६. विणताना धागा वाकतो आणि थोडे सूत वाया जाते, त्यासाठी शेकडा ८ धरले की ९३ ग्रॅम.

सूत किलोला १०० रुपये धरले तर मीटरमागे ९ रुपये ३० पैसे. त्यापुढे सायझिंग, कांडी, विणकराची मजुरी, वीज, जागेचे भाडे, दुरुस्ती, घसारा, दलाली असे एकेक लिहीत जायचे. आकडे त्या काळचे आहेत, आजचे भाव निराळे. रीत तीच आहे, आणि आता ती मोबाईलवर दोन मिनिटांत होते.

मी सगळे लिहून बेरीज केली. त्यांनी वही बघितली आणि विचारले, "कांडी कोण भरतं?"

"अम्मी आणि आपा."

"त्यांची मजुरी कुठे आहे?"

घरच्या माणसांची मजुरी कोणी लिहितो का, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "बाहेरून भरून घेतली असतीस तर पैसे दिले असतेस ना? मग ते लिही. न लिहिता कापड स्वस्त पडलं म्हणतोस. ते स्वस्त तुझ्या अम्मीच्या हाडांवर पडतं. व्यापारी ते पैसे खाऊन जातो आणि तुला कळतही नाही."

वाचक बंधूंनो, ही गोष्ट फक्त मागाची नाही. जरीकाम, विडी, अगरबत्ती, शिवणकाम, लोणची-पापड, आपल्या मोहल्ल्यांतले कितीतरी धंदे घरच्या बायकांच्या न लिहिलेल्या मजुरीवर उभे आहेत. ती लिहिली तर काही मालाचा भाव वाढवावा लागेल आणि काही माल करणे सोडून द्यावे लागेल. पण खरे काय ते कळेल. मी त्या महिन्यापासून अम्मी आणि आपाची मजुरी वेगळी काढून त्यांच्या हातात दिली. कॉलेजही सोडले नाही.

सुताचा भाव आणि आधीचा शब्द

या ९३ ग्रॅमचा दुसरा उपयोग त्यांनी दाखवला. सूत किलोला पाच रुपयांनी चढले की कापड मीटरमागे साडेशेहेचाळीस पैशांनी महाग पडते. चाळीस पैसे सुटणाऱ्या मालात, आधी ठरलेल्या भावाने कापड द्यायचे असेल, तर नफा संपून खिशातून साडेसहा पैसे जातात. बारा मागांच्या १८,९०० मीटरवर पाच रुपयांच्या तेजीचा भार महिन्याला पावणेनऊ हजारांच्या वर जातो.

म्हणून त्यांचा नियम होता की कापडाचा भाव ज्या दिवशी पक्का करायचा त्याच दिवशी त्या मालाचे सूतही पक्के करायचे. तेवढे भांडवल नसेल तर तेवढा माल कबूल करायचा नाही. तेजी-मंदीचा अंदाज सांगणारे चहाच्या टपरीवर पुष्कळ असत. मोठे भाई त्यांचे ऐकून घेत, हसत आणि आपल्या नियमाने चालत.

उधारीत भांडवलाचे फेरे

१९९८ सालची गोष्ट. बाहेरगावचा एक व्यापारी माझ्याकडे आला. चाळीस हजार मीटर कापड हवे, भाव बाजारापेक्षा मीटरला पंचवीस पैसे जास्त, पैसे माल पोचल्यावर चार महिन्यांनी. वर दहा हजार रुपये सुटणार होते. आठ मागांच्या मालकाला ही रक्कम मोठी होती. मी मोठ्या भाईंकडे गेलो.

त्यांनी हो किंवा नाही म्हटले नाही. कागद पुढे केला. "समज तुझ्याकडे एक लाख रुपये आहेत आणि दर फेऱ्याला शेकडा तीन सुटतात. पैसा दोन महिन्यांत परत आला तर वर्षात फेरे किती?"

"सहा."

"मिळाले किती?"

"अठरा हजार."

"चार महिन्यांनी आला तर?"

"तीन फेरे. नऊ हजार."

"मग चार महिन्यांच्या उधारीवर तीनाच्या जागी सहा सुटले तरच तू होता तिथे राहशील. पंचवीस पैशांत सहा होतात का बघ."

बारा रुपयांच्या कापडावर पंचवीस पैसे म्हणजे शेकडा दोनच्या आसपास. तीन आणि दोन पाच. सहा होत नव्हते. शिवाय चाळीस हजार मीटर म्हणजे ४,८०,००० रुपये एकाच माणसाकडे अडकणार. "तेवढ्यात तो बुडाला तर तू बुडशील. आणि बुडाला नाही तरी चार महिने सूत कशावर घेशील?" हा त्यांचा शेवटचा सवाल.

मी दहा हजार मीटर दिले, तेही भाव, मुदत आणि सही कागदावर घेऊन. बाकीचे जुन्या गिऱ्हाइकांना बाजारभावाने, कमी मुदतीवर विकले. त्या व्यापाऱ्याचे पैसे चार महिन्यांऐवजी अकरा महिन्यांनी आले. अडकले ते १,२०,००० रुपये. चार लाख ऐंशी हजार अकरा महिने अडकले असते तर आठही माग विकावे लागले असते, यात मला शंका नाही.

लिहून घ्या, सही घ्या

मोठे भाई उधारीच्या बाबतीत इतके कडक होते त्याला कारण होते. कॉलेजात येण्यापूर्वी, १९८७ साली, त्यांनी एका जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला तोंडी शब्दावर माल दिला होता. काही महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणाले, एवढा माल आलाच नाही. त्यांच्याकडे कागद नव्हता. हे ते स्वतः सगळ्यांना सांगत, लपवत नसत. "माणूस वाईट नव्हता. त्याला आठवत नव्हतं आणि माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं. दोघांची दोस्ती गेली," असे म्हणत.

ओळखीत लिहून मागायला लाज वाटते, असे कोणी म्हटले की ते सूरे बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण देत. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा त्यात हुकूम आहे. कुरआन शरीफमधील ही सर्वांत लांब आयत. "अल्लाहने लाज बाळगायला सांगितली नाही, लिहायला सांगितलं," असे ते म्हणत, आणि मग विषय संपे.

कायद्याचे त्यांना जे कळले ते त्यांनी आम्हाला असे सांगितले. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांची. ती संपण्याच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे पुन्हा मोजली जातात. म्हणून दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक उधारीवाल्याकडून बाकीच्या चिठ्ठीवर सही घ्यायची. भांडण असो वा नसो, सगळ्यांकडून घ्यायची. सगळ्यांकडून घेतली की कोणाला राग येत नाही.

कारखान्याला नाव आणि नंबर

पुढे दिवस बदलले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि सुती सूत व कापडावर ५ टक्के कर लागला. आमच्या गावात घबराट होती. मोठे भाई तेव्हा बासष्टीचे होते. त्यांनी जुन्या वर्गमित्रांना आणि शेजारच्या मागवाल्यांना तीन संध्याकाळ आपल्या कारखान्यावर बसवले आणि खडूने भिंतीवर लिहून समजावले. सूत घेताना भरलेला कर कापडाच्या करातून वजा होतो, पण ज्याच्याकडे सुताचे पक्के बिल नाही त्याला वजावट नाही. ज्यांच्या वह्या होत्या ते दोन-तीन महिन्यांत सावरले. ज्यांच्या चिठ्ठ्या खिळ्याला होत्या त्यांचे हाल झाले.

आज ते असते तर 'उद्यम' नोंदणीबद्दल त्यांनी प्रत्येकाला पिडले असते. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि ती फुकट होते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्री आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा सूक्ष्म उद्योगात बसतो, म्हणजे आपले बहुतेक मागवाले आणि कारागीर. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत काहीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, ते माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे.

उशिराच्या रकमेवर कायद्याने व्याजही मिळते. ते घ्यावे की नाही हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. पण आपली मेहनतीची मुद्दल वेळेवर मागणे हा हक्क आहे, आणि तो कागदाशिवाय मिळत नाही.

पदवीचे काय झाले?

मोठ्या भाईंनी पदवी घेतली नाही. तिसऱ्या वर्षी त्यांचा एक विषय राहिला आणि ते परत परीक्षेला बसले नाहीत. मी दोन वर्षे मागे लागलो. ते म्हणाले, "मला मुनीमजींचा कागद वाचता येतो. मी ज्यासाठी आलो होतो ते झालं. सर्टिफिकेट तू घे." हे मला तेव्हा पटले नव्हते आणि आजही पटत नाही. त्यांच्या नावापुढे बी.कॉम. लागले असते तर मोहल्ल्यातल्या दहा प्रौढांनी तरी पुस्तके उघडली असती असे मला वाटते.

ते स्वभावाने गोड नव्हते. वहीत खाडाखोड दिसली की चारचौघांत बोलत. हिशेब न करता आलेल्याला सल्ला देत नसत, "आधी लिहून आण" म्हणून परत पाठवत. काही जण त्यामुळे दुखावले आणि पुन्हा आले नाहीत. जे लिहून आणत त्यांच्यासाठी मात्र रात्री अकरा वाजताही वेळ असे. आमच्या वर्गातले मला ठाऊक असलेले पाच जण आज स्वतःचा धंदा चालवतात आणि पाचही जणांच्या गल्ल्यात मीटरमागच्या हिशेबाची वही आहे.

वाचकांना विनंती एवढीच. ज्यांच्या कारखान्यावर किंवा दुकानात शिकणारा मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी त्यांच्याकडून फक्त माल उचलून घेऊ नये. महिन्यातून एक दिवस वही समोर ठेवून एका मालाचा हिशेब त्यांच्याकडून करून घ्यावा आणि त्यात घरच्या बायकांची मजुरी आणि यंत्राची झीज लिहिली आहे का ते पाहावे. आणि ज्यांचे शिक्षण लहानपणी सुटले त्यांनी वयाची लाज धरू नये. १७ नंबरचा फॉर्म आजही भरता येतो. अल्लाह मोठ्या भाईंची मगफिरत करो.